बिडाची बुलेट

पुण्यात जुनी बुलेट घ्यायचं ठरवलंत, तर ते कोणाला सांगू नका. घर घेतोय म्हणून सांगा, संन्यास घेतोय म्हणून सांगा. लोक दोन मिनिटं चुकचुकतील आणि आपापल्या कामाला लागतील. बुलेटचं नाव काढलंत की समोरच्याला मामा आठवतो.

बुलेटवाला मामा नाही असं मराठी घर मी अजून पाहिलेलं नाही. काकांकडे लॅम्ब्रेटा असते, वडिलांकडे चेतक असते, बुलेट मात्र मामाकडेच. हा मामा पोलिसात असतो, पाटबंधारे खात्यात असतो, नाहीतर त्याचा साताऱ्याकडे ऊस असतो. तो खंबाटकी घाट तिसऱ्या गिअरात चढायचा. पुढे टाकीवर दोन भाचे, मागे मामी, मामीच्या मांडीवर तिसरा भाचा आणि कॅरिअरला युरियाचं पोतं. किक तो चपलेत मारायचा. गाडी म्हणून कधी बंद पडली नाही. आणि ही गोष्ट, ती कोणाच्याही मामाची असो, एकाच वाक्यावर येऊन टेकते : ‘‘पण आता ती बुलेट राहिली नाही.’’ नेमकी कधीपासून राहिली नाही, याची मी खोदून खोदून चौकशी केली आहे. मामाने ज्या साली गाडी विकली, बरोबर त्याच साली कंपनीने लोखंड पातळ केलं.

हे लोखंड इंग्लंडहून यायचं, अशी सगळ्या मामांची एकमुखी साक्ष. गाडी मूळची इंग्लंडातल्या रेडिचची, एवढं खरंच आहे. आपल्या लष्कराने ती पसंत केली, १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया निघाली, आणि थोड्याच वर्षांत तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात गाडीचा एकूण एक भाग तयार होऊ लागला. पुढे १९७०च्या सुमाराला इंग्लंडातली मूळ कंपनीच बंद पडली. मद्रासवाल्यांना ही बातमी बहुधा कोणी कळवलीच नाही. ते तीच गाडी तशीच बनवत राहिले, आणि १९७७ पासून ती इंग्लंडला निर्यात करू लागले. म्हणजे मामा आपल्या बुलेटच्या इंग्रजी लोखंडावर थाप मारून ते गावाला दाखवत होता, तेव्हा इंग्रज ते मद्रासहून मागवत होता. हे मी एका मामांना तारीखवार समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बघा! इंग्रजालासुद्धा हेच लोखंड लागायचं.’’

जाणकार तिला ‘कास्ट आयर्न’ म्हणतात. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्रीत त्याला बीड म्हणतात. अख्खी गाडी बिडाची आहे असा बोलणाऱ्याचा सूर असतो. प्रत्यक्षात बीड असतं ते सिलिंडरच्या ब्लॉकात. २०१०च्या आसपास हे इंजिन बंद होऊन नवं, ॲल्युमिनियमचं आलं. नव्या गाडीचा गिअर डाव्या पायाला, बटण दाबलं की सुरू, आणि खाली तेलाचा टिपूस नाही. एकूण, चारचौघांत बोलण्यासारखं तिच्यात काही ठेवलेलं नाही. म्हणून ज्याला ‘मोठी गाडी’ हवी असते त्याला जुनी हवी असते. मोठी म्हणजे किती मोठी, हे विचारू नये. ३४६ सीसीचं ते इंजिन, सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, आणि एवढ्या खटाटोपातून निघते १८ अश्वशक्ती. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराची १६० सीसीची गाडी जवळजवळ तेवढीच देते, आणि वर सिग्नलला हिच्यापेक्षा आधी सुटते. पण ती सुटते तेव्हा कोणी मान वळवून बघत नाही. बुलेट सुटते तेव्हा रिक्षावालासुद्धा बघतो. आता ती सुटणार की बंद पडणार, याची त्याला उत्सुकता असते हे मान्य, पण बघतो.

आमची पिढी मुळात स्कूटरची. चेतक सुरू झाली नाही तर ती आपल्या अंगावर कलती करायची, थोडा वेळ तशीच धरायची आणि पुन्हा किक मारायची, एवढंच यंत्रशास्त्र आम्हाला वडिलांनी दिलं. पुढे बिनगिअरच्या गाड्यांनी तेही काढून घेतलं. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मुलांच्या फिया भरून झाल्यावर, एखाद्या रविवारी वाटू लागतं की आपल्या दोन पायांमध्ये भाजीच्या पिशवीऐवजी टाकी असावी. मित्र मग पर्याय सुचवतात. एक म्हणतो येझदी घे. म्हैसूरची येझदी ही थोर गाडी. तिची किकच पुढे ढकलली की गिअरचा दांडा होते, एका दांड्यात दोन कामं. तिच्या चाहत्यांचं तेवढं ऐकून घ्यावं आणि उठावं, कारण नंतर ते दोन सायलेन्सरांवर येतात. दुसरा आरएक्स १०० म्हणतो, पण ती मोठी गाडी नव्हे. तिसरा आवाज खाली आणून म्हणतो, ‘‘राजदूत तीनशे पन्नास.’’ एस्कॉर्ट्सने ऐंशीच्या दशकात यामाहाची ती रेसगाडी आणली, तेव्हा पेट्रोल पिते म्हणून लोकांनी ती घेतली नाही. आज तीच माणसं तिच्यासाठी लाखांत बोलतात. या तिसऱ्या मित्राकडे सहसा स्वतःची कुठलीच गाडी नसते.

फिरून फिरून बुलेटच. आणि बुलेटवर पहिल्यांदा बसणाऱ्या स्कूटरवाल्याला कोणी आधी सांगत नाही ती गोष्ट अशी की जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या पायाला. जुनी इंग्रजी पद्धत. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आता समोर म्हैस आली. उभ्या आयुष्याची सवय म्हणून उजवा पाय दाबला जातो. गाडी थांबत नाही. ती वरच्या गिअरात जाते. पुन्हा दाबा, त्याच्याही वरच्या. म्हैस जितकी जवळ, तितका गिअर मोठा. मोटारसायकलींच्या इतिहासात घाबरलेल्या माणसाचा इतका गैरसमज दुसऱ्या कुठल्या यंत्राने करून घेतला नसेल. खोल गेलेली सवय मोडायला फार दिवस लागतात, आणि मोडली की मग घरच्या स्कूटरवर हात-पाय भलतीकडे जातात.

आता विकणाऱ्यांकडे वळू. जुन्या बुलेटचा पहिला मालक हा नेहमी कर्नलसाहेब असतो. क्वचित डॉक्टर असतात, पण तेही मिलिटरी हॉस्पिटलातले. मी पाहिलेल्या, ऐकलेल्या आणि फोनवर सांगितल्या गेलेल्या गाड्यांचा हिशेब मांडला, तर आपल्या लष्करात कर्नलाखाली कोणी भरतीच झालेलं नाही. खडकी, देवळाली, कॅम्प ही नावं पेरलेली असतात. कर्नलसाहेब गाडी फक्त रविवारी काढायचे. रविवारीसुद्धा क्लबपर्यंतच. मग अशा गाडीचं सीट इतकं कसं बसलं, आणि फूटरेस्टचं रबर झिजून आतलं लोखंड कसं दिसू लागलं, असं विचारलं की उत्तर येतं, ‘‘साहेबांचं वजन चांगलं होतं.’’

विक्रेत्याच्या अंगणात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाला हात लावून बघणं. ते गरम असतं. आपण सकाळी सातला जा, ते गरमच असतं. ‘‘आत्ताच दूध आणायला गेलो होतो.’’ खरं कारण असं की गार इंजिन पहिल्या किकला काय बोलेल याचा भरवसा विकणाऱ्यालाही नसतो. इंजिन नुकतंच रॉकेलने पुसून लख्ख केलेलं असतं, कारण तेल कुठून गळतं ते कोरड्या इंजिनावर दिसायला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात चहा येतो. चहा झाला की भावाची बोलणी. ‘‘फायनल काय?’’ या प्रश्नाला फायनल उत्तर कधीच नसतं. ‘‘तुम्ही बोला.’’ ‘‘नाही, तुम्ही बोला.’’ वस्तू जुनी होत जाईल तसा भाव उतरतो, हा नियम बाजारात फ्रिजपासून फ्लॅटपर्यंत लागू आहे. बुलेटवाला मात्र ‘चौऱ्याण्णवचं मॉडेल आहे’ असं म्हणतो आणि आकडा वर नेतो. त्याच्या शेजारचा एकाहत्तरची घेऊन उभा असेल तर त्याच्याकडे बघायचंच नाही.

म्हणून बरोबर उस्ताद न्यावा. दर गावात बुलेटचा एक उस्ताद असतो; पुण्यात नाना पेठेच्या आजूबाजूला विचारलंत तर दोन-तीन नावं निघतात आणि प्रत्येक जण उरलेल्या दोघांबद्दल हळहळतो. उस्ताद बोलत नाहीत. ते गाडीभोवती एक फेरी मारतात. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बोटाकडे बघतात. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारतात आणि झाकण लावतात. गंज दिसला का, हे चेहऱ्यावरून कळत नाही. गाडी सुरू झाली की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवून त्याची मूठ कानाला लावतात. डोळे मिटतात. विकणारा श्वास रोखतो. मग उस्ताद म्हणतात, ‘‘अं.’’

या ‘अं’ची किंमत विक्रेत्याला बरोबर कळते. तो पाच हजार उतरतो.

धुराचं शास्त्र त्यातल्या त्यात आपल्यासारख्यालाही जमतं. धूर निळा आला तर ऑइल जळतंय : रिंगा गेल्या किंवा व्हॉल्व्हच्या गाइड सैल झाल्या. काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर बघावा लागेल. धूर आलाच नाही तर गाडी सुरू झालेली नाही. पण उस्तादांचा खरा हात दिसतो तो टॅपेट लावताना. इंजिन गार असताना ते बाजूचं झाकण काढतात, पुशरॉड चिमटीत धरून फिरवतात. बोटांनी फिरली पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये. फीलर गेज वगैरे काही नाही, बोटं हेच माप. मी विचारलं, ‘‘किती सैल ठेवायची?’’ उस्ताद म्हणाले, ‘‘जितनी चाहिए उतनी.’’ चाळीस वर्षांचा अनुभव असा तीन शब्दांत बसवून ते पुढच्या गाडीकडे गेले.

मात्र एक वाक्य ते न चुकता बोलतात, आणि ते इंजिन उघडल्यावर : ‘‘याला आधी कोणी हात लावला होता?’’ जगातल्या कुठल्याही मिस्त्रीला, गवंड्याला आणि दाताच्या डॉक्टरला आधी हात लावणारा माणूस सापडला तर चार शब्द सुनावायचे असतात. बुलेटच्या बाबतीत तो माणूस कधीकधी हेच उस्ताद निघतात. बारा वर्षांपूर्वी. तेव्हा ते थोडा वेळ पान्ह्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘‘तेव्हा पार्ट चांगले मिळत नव्हते.’’

किक हा वेगळा अध्याय आहे. ताकदीने मारून ती लागत नाही, हे पहिलवानांना पटत नाही. हेडलाइटच्या डोक्यावर अँमीटर असतो. चावी फिरवून किक हळूहळू दाबत न्यावी. काटा वजाकडे झुकतो आणि एका क्षणी मध्यावर येऊन उभा राहतो. म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वरच्या टोकाला आला. तिथे डाव्या हाताची डिकॉम्प्रेसरची कडी दाबून आतली हवा सोडायची, पिस्टन केसभर पुढे सरकवायचा, कडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग सबंध देहानिशी, पण शांत मनाने, खाली जायचं. मन शांत नसेल तर किक बॅक मारते, आणि माणूस दोन पायऱ्या चढल्यासारखा हवेत जाऊन लंगडत खाली येतो. हा सगळा विधी एकांतात जमतोही. अडचण अशी की तो एकांतात करायला मिळत नाही. भर लक्ष्मी रोडवर बुलेट बंद पडली की दोन मिनिटांत सल्लागार मंडळ तयार. ‘‘चोक द्या.’’ ‘‘चोक काढा.’’ ‘‘प्लग ओला झाला.’’ ‘‘काका, तुम्ही उतरा, मी मारतो.’’ यात एक गृहस्थ असे असतात की ते काहीच बोलत नाहीत, फक्त मंद हसतात. त्यांचा मामा.

राजस्थानात पालीजवळ हायवेला ओम बन्नांचं देवस्थान आहे. तिथे चक्क बुलेटची पूजा होते. अपघातात धनी गेला, पोलिसांनी गाडी ठाण्यात नेऊन ठेवली, पण ती रात्रीत आपोआप अपघाताच्या जागी परत जायची, अशी तिथली श्रद्धा. बाकीचे भाविक गाडी परत आली या चमत्काराला हात जोडतात. बुलेटवाले हात जोडतात ते ती किक न मारता सुरू झाली म्हणून.

कागदांबद्दल थोडक्यात. आरसी बुकावरचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस यांचा सहसा काही संबंध नसतो. ‘‘ते आपलेच आहेत,’’ असं सांगण्यात येतं. आपले म्हणजे कोण, तर ज्यांच्याकडून यांनी घेतली त्यांचे मेव्हणे, आणि ते सध्या मस्कतला. टीटी फॉर्मवर मात्र त्यांची सही आधीपासूनच असते, आणि ती शाई ओली असते. गाडी परराज्यातली असेल तर तिथली एनओसी आणावी लागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा, वर पर्यावरणाचा कर. हा ग्रीन टॅक्स भरताना खिडकीतल्या बाईंनी गाडीकडे, मग तिच्या खालच्या डागाकडे आणि मग पावतीकडे बघितलं, आणि शिक्का नेहमीपेक्षा जोरात मारला असं आपलं मला वाटलं. चेसिस नंबरचा ठसा कागदावर पेन्सिल घासून घ्यायचा असतो. मानेवरचा रंग खरवडत गेलं तर आधी काळा लागतो, मग मरून, मग पुन्हा काळा, मग लष्करी हिरवा. म्हणजे कर्नलसाहेब खरेच होते की काय, असं एक क्षण वाटून जातं. हिरव्याखाली पिवळा निघतो.

आता २०१९च्या एप्रिलच्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते. बुलेटच्या पुढच्या मडगार्डवर पेंटरने ब्रशने रंगवलेला, आकड्यांना सावली दिलेला नंबर पुसून तिथे ती लेझरची पट्टी बसवताना जुन्या मालकांच्या डोळ्यांत पाणी येतं. चोरांपासून संरक्षण म्हणून ती आहे म्हणतात. जुनी बुलेट चोरणाऱ्याला आधी ती सुरू करावी लागेल, हा मुद्दा कोणी लक्षात घेतलेला दिसत नाही.

गाडी घरी येते. सोसायटीत तिची जागा तिसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठ होते, कारण जमिनीवर ती काढलेली असते. ‘तेल गळायचं थांबलं तर समजा संपलं’ हा विनोद रेडिचमध्ये जन्मला असावा आणि गाडीच्या सुट्या भागांबरोबर पेटीतून मद्रासला आला असावा. तो आपल्याला प्रत्येक भेटणारा माणूस पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहाने सांगतो. खाली पुठ्ठा ठेवावा लागतो. सेक्रेटरी पुठ्ठ्याबद्दल नोटीस लावतात. आवाजाबद्दल मात्र कोणी तक्रार करत नाही, निदान तोंडावर. उलट दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत येऊन ऐकतात. तो मूळ सायलेन्सरचा आवाज, जड आणि सावकाश; प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो. पोरं ज्याला इंदोरी फटाका म्हणतात तो लावून रात्री साडेअकराला गल्ली उठवणाऱ्यांशी आमचा काही संबंध नाही. त्यांचे सायलेन्सर पोलीस रांगेत मांडून रोडरोलरखाली घालतात, तेव्हा पेपरातला तो फोटो आम्ही जुने बुलेटवाले एकमेकांना समाधानाने पाठवतो.

घरात मात्र कौतुक जपून होतं. हिने गाडी पाहिली, सीटवर हात फिरवून हाताकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘डिकी कुठे आहे?’’ डिकी नाही म्हटल्यावर, ‘‘मग भाजी?’’ मागे बसायचं तिने साफ नाकारलं नाही. फक्त पहिल्या रविवारी सासवडला जायचं ठरलं, तेव्हा ती खाली आली ती स्वतःची स्कूटर घेऊन. डिकीत पान्ह्यांची पिशवी, जादा प्लग, पाण्याची बाटली आणि दोरी. दोरी कशाला, असं मी विचारलं नाही.

हडपसर सुटेपर्यंत मी पुढे होतो. दिवे घाटाच्या पहिल्या वळणापर्यंतसुद्धा मीच पुढे. त्या ठोक्याला घाटाचा कातळ उत्तर देत होता, खाली मस्तानी तलाव दिसत होता आणि खंबाटकीचा मामा म्हणजे काय चीज असेल ते कळू लागलं होतं. दुसऱ्या वळणावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या. तिसऱ्यावर ते थांबलं. टाकीतला गंज उतरून कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसला होता. उस्तादांनी झाकण उघडून जे पाहिलं आणि सांगितलं नाही, ते हेच. स्कूटर शेजारून निघून गेली. जाताना हिने हॉर्न दिला. अगदी छोटा.

जेट काढून, फुंकून, शर्टाला पुसून, पुन्हा बसवून, अँमीटरचा काटा मध्यावर आणून, मन बऱ्यापैकी शांत करून मी घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा टपरीवर हिचा चहा कधीच संपला होता आणि टपरीवाल्याशी चांगली ओळख झाली होती. गाडी बघून तो बाहेरच आला. भोवती फेरी मारली, टाकीवर थाप मारली, आणि हिलाच विचारलं,

‘‘ताई, किती देते?’’

‘‘काय, त्रास?’’ ही म्हणाली. ‘‘भरपूर देते. यांना एक चहा द्या.’’